नऊ मिलिमीटरचा जपान

‘‘काकू, दोन्ही रूळ सारखेच आहेत. मग ही गाडी त्या रुळांवरून का नाही जात?’’

प्रश्न विचारणारा मुलगा असेल नऊ-दहा वर्षांचा. स्थळ क्योटोमधल्या एका वस्तीचे समाजमंदिर, महिना नोव्हेंबरचा. दारात बूट काढून लोक आत येत होते आणि लांबलचक टेबलांवर मांडलेल्या छोट्या आगगाड्या पाहत होते. जपानी मुले अनोळखी बाईला ‘ओबासान’ म्हणतात, आपल्याकडच्या ‘काकू’सारखेच. संशोधनाच्या निमित्ताने मी दोन वर्षे त्या शहरात होते. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्यामुळे आगगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्या स्थानिक मंडळात माझा शिरकाव झाला, आणि त्या वर्षीच्या प्रदर्शनात एक तुकडा माझाही होता. ९० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद.

त्या तुकड्यावर मी आठ महिने खपले होते. मागच्या बाजूला उंच खांबांवरून जाणारा शिनकानसेनचा, म्हणजे ज्याला आपण बुलेट ट्रेन म्हणतो तिचा मार्ग. पुढच्या बाजूला जुनी लोकल लाइन, एक छोटे स्टेशन, एक रेल्वे फाटक, फाटकापाशी थांबलेली सायकलवाली बाई आणि रुळांच्या अगदी कडेपर्यंत आलेले भातशेत. लोक शेतापाशी थांबून कौतुक करीत होते. आणि हा मुलगा मात्र वाकून, एक डोळा मिटून रुळांकडे पाहत होता.

मी म्हटले, ‘‘खऱ्या जगात ते सारखे नसतात. शिनकानसेनचे रूळ जास्त रुंद असतात.’’

तो म्हणाला, ‘‘मग तुम्ही सारखे का केलेत?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणजे, ‘बाजारात तसेच मिळतात’ हे उत्तर होते. पण ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. लहान आगगाड्यांच्या मांडण्यांकडे, ज्यांना हौशी मंडळी ‘लेआउट’ म्हणतात, त्यांच्याकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहू लागले. आपण शाळेत प्रतिकृती करतो: ज्वालामुखीची, हृदयाची, सूर्यमालेची. प्रतिकृती चांगली की वाईट हे कशावरून ठरवायचे? हुबेहूब दिसण्यावरून, की ती काय समजावते यावरून? जपानी आगगाड्यांचा लेआउट हे या प्रश्नाचे फार चांगले उदाहरण आहे.

नऊ मिलिमीटर आले कुठून?

आधी थोडे गणित. दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर म्हणजे गेज. जपानमधल्या बहुतेक जुन्या रेल्वेमार्गांचे गेज १,०६७ मिलिमीटर आहे. शिनकानसेनचे आहे १,४३५ मिलिमीटर. त्यालाच जगभर ‘स्टँडर्ड गेज’ म्हणतात.

घरात मावेल अशा छोट्या गाड्यांसाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत ९ मिलिमीटर अंतराचे रूळ वापरात आले. ‘नऊ’ या आकड्याच्या आद्याक्षरावरून त्याला ‘एन गेज’ म्हणतात. जपानमध्ये १९६५ मध्ये ‘कातो’ने या मापाचे वाफेचे इंजिन आणि डबे बाजारात आणले. जपानी घरे लहान, त्यामुळे हे माप तिथे चांगलेच रुजले.

आता भागाकार करून पाहा. युरोपात एन गेजच्या गाड्या १:१६० या प्रमाणात करतात. १,४३५ भागिले १६० म्हणजे ८.९७. जवळजवळ नेमके ९ मिलिमीटर. शिनकानसेनच्या प्रतिकृती याच प्रमाणात असतात, तेव्हा तिथे काही अडत नाही. पण जपानच्या जुन्या मार्गांवरचे डबे मुळात लहान. त्यांच्यासाठी जपानी उत्पादकांनी १:१५० हे प्रमाण घेतले. डबा किंचित मोठा झाला की डोळ्याला बरा दिसतो आणि आत मोटर बसवायला जागाही मिळते. मात्र १,०६७ भागिले १५० म्हणजे ७.११. रूळ ७.११ मिलिमीटर अंतरावर हवेत आणि आहेत ९ मिलिमीटरवर. उलट हिशेब केला तर ९ गुणिले १५० म्हणजे १,३५०. म्हणजे माझ्या फळीवरची लोकल गाडी १,३५० मिलिमीटर गेजच्या, जपानमध्ये कुठेही नसलेल्या मार्गावरून धावत होती. खऱ्यापेक्षा २६ टक्क्यांहून अधिक रुंद!

क्योटोच्या परिसरात आणखी एक गंमत आहे. तिथल्या हानक्यू, केइहान यांसारख्या खासगी रेल्वे कंपन्यांच्या गाड्या पहिल्यापासून १,४३५ मिलिमीटरवर धावतात. त्यांच्या प्रतिकृतीही १:१५० मध्येच करतात. १,४३५ भागिले १५० म्हणजे ९.५७. म्हणजे त्यांच्यासाठी नऊ मिलिमीटर कमी पडतात. एकाच टेबलावर तीन गाड्या धावत आहेत: एकीचे रूळ बरोबर, दुसरीचे फार रुंद, तिसरीचे थोडे अरुंद. आणि पाहणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात.

गाड्यांच्या रुंदीचेही तसेच. शिनकानसेनचा डबा ३.३८ मीटर रुंद, जुन्या मार्गावरचा सुमारे २.९ मीटर. प्रत्यक्षात पहिला दुसऱ्यापेक्षा सोळा-सतरा टक्के रुंद. पण एकाला १६० ने भागले आणि दुसऱ्याला १५० ने, की उरतात २१.१ आणि १९.३ मिलिमीटर. फरक नऊ टक्क्यांवर येतो. दोन वेगळी प्रमाणे एकाच टेबलावर मांडली की प्रत्यक्षातला मोठा फरक असा गुपचूप लहान होतो.

हौशी लोकांना हे ठाऊक नाही असे नाही. मोठ्या मापात, जिथे जपानी परंपरेने १:८० प्रमाणाच्या गाड्या १६.५ मिलिमीटर रुळांवर धावतात, तिथेही हीच चूक आहे. ती खटकणारे काही जण स्वतःच्या हाताने १३ मिलिमीटरचे रूळ तयार करतात आणि गाड्यांची चाके बदलून घेतात. ते थोडे. बाकीच्यांनी ही तडजोड इतकी पचवली आहे की ती तडजोड आहे हेही कोणी बोलत नाही.

पुसला जाणारा इतिहास

एवढ्या दोन मिलिमीटरचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. मीही एरवी म्हटले असते. झाडांची पाने, माणसांची बोटे, रुळांखालची खडी यांतले काहीच त्या प्रमाणात खरे नसते. प्रतिकृतीत काहीतरी सोडावेच लागते. प्रश्न एवढाच असतो की जे सोडले ते बिनमहत्त्वाचे होते का. इथे नेमके उलटे झाले आहे. जपानी रेल्वेच्या इतिहासातला सर्वांत मोठा वाद ज्या फरकाभोवती फिरला, तोच फरक टेबलावर दिसत नाही.

जपानमधली पहिली रेल्वे १८७२ मध्ये तोक्योतल्या शिंबाशीपासून योकोहामापर्यंत सुरू झाली, ती १,०६७ मिलिमीटर गेजवर. डोंगराळ मुलखात अरुंद गेज स्वस्त पडते. देशभर त्याच मापाचे जाळे पसरले. वाहतूक वाढली तसे हे माप अपुरे वाटू लागले. शिमा यासुजिरो या अभियंत्याने सगळे मार्ग रुंद करावेत म्हणून जोर धरला. १९१७ मध्ये योकोहामा लाइनवर त्याचे प्रयोगही झाले. पण असलेले मार्ग रुंद करायचे की तोच पैसा नव्या गावांपर्यंत रेल्वे नेण्यासाठी वापरायचा, या वादात दुसरी बाजू जिंकली. १९१९ मध्ये योजना बारगळली आणि शिमांनी रेल्वे सोडली. पुढे १९३९ मध्ये तोक्योपासून पश्चिमेकडे स्वतंत्र, रुंद गेजचा मार्ग बांधण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा त्या समितीचे काम पुन्हा त्यांच्याकडे आले. काही बोगद्यांचे काम सुरूही झाले आणि महायुद्धात थांबले.

यासुजिरोंचा मुलगा हिदेओ शिमा. १९५५ मध्ये जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी त्यांना मुख्य अभियंता म्हणून बोलावून घेतले. जुन्या मार्गाला हात न लावता शेजारी संपूर्ण नवा, १,४३५ मिलिमीटरचा मार्ग बांधायचा, असे ठरले. खर्च अंदाजाच्या फार पुढे गेला. १९६३ मध्ये दोघांनीही पदे सोडली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो ते शिन-ओसाका शिनकानसेन धावू लागली. जुन्या मार्गावरच्या सर्वांत वेगवान गाडीला ओसाकाला पोचायला साडेसहा तास लागत. नवी गाडी सुरुवातीला चार तासांत आणि वर्षभराने तीन तास दहा मिनिटांत पोचू लागली.

बापलेकांच्या दोन पिढ्या ज्या ३६८ मिलिमीटरसाठी झगडल्या, ते माझ्या फळीवर शून्य झाले होते. मुलाने विचारले ते बरोबरच होते. माझ्या फळीवरच्या जपानमध्ये शिनकानसेनची गरजच नव्हती. पुढच्या रुळांवरूनही ती आरामात गेली असती.

आणखी एक उदाहरण. यामागाता शहरापर्यंत शिनकानसेन नेण्यासाठी जुनाच मार्ग १,४३५ मिलिमीटरवर आणला गेला आणि १९९२ मध्ये थेट गाड्या सुरू झाल्या. बोगदे आणि फलाट मात्र जुन्याच मापाचे, म्हणून डबे अरुंद ठेवावे लागले. मोठ्या शिनकानसेन स्टेशनांवर फलाट आणि डबा यांतली फट भरायला दारातून घडीची पायरी बाहेर येते. एवढा खटाटोप! एन गेजच्या टेबलावर हे सगळे दाखवायचे असेल तर काय बदलावे लागेल? काहीच नाही. गाडी उचलून ठेवायची आणि बटण दाबायचे.

माझे उत्तरही अर्धेच होते

घरी आल्यावर मी शांतपणे हिशेब केला, तेव्हा लक्षात आले की मुलाला मी दिलेले उत्तरही पुरते खरे नव्हते. ‘रूळ रुंद म्हणून गाडी वेगवान’ असे आपण सहज म्हणून जातो. खरेच तसे आहे का?

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की लागणारे त्वरण मिळते. गाडीचा पाया जितका रुंद, तितके जास्त त्वरण ती सोसू शकते. १,४३५ हे १,०६७ पेक्षा सुमारे ३४ टक्के जास्त. गुरुत्वमध्याची उंची तीच धरली तर सोसता येणारे त्वरणही तेवढेच वाढेल. पण त्वरण वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने वेग वाढेल फक्त वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १६ टक्क्यांनी. जुन्या मार्गावरच्या जलद गाडीचा कमाल वेग होता ताशी ११० किलोमीटर. त्यात १६ टक्के मिळवा, १२८ च्या आसपास येतात. शिनकानसेन पहिल्या दिवशीच २१० ने धावत होती.

बाकीचा वेग कुठून आला? वळणांच्या त्रिज्येतून. समजा, एखाद्या जुन्या वळणाची त्रिज्या ४०० मीटर आहे. नव्या मार्गावर किमान त्रिज्या ठेवली २,५०० मीटर. सव्वासहापट त्रिज्या म्हणजे वळणावर अडीचपट वेग. शिवाय नव्या प्रवासी मार्गावर एकही फाटक नाही, मध्येच मालगाडी नाही, सगळ्या गाड्यांचा वेग साधारण सारखा. अरुंद गेजवरही काही कमी वेग गाठलेला नव्हता. १९५७ मध्ये ओदाक्यू कंपनीची एक गाडी चाचणीत ताशी १४५ किलोमीटरने धावली होती, तीही जुन्याच मार्गावर.

म्हणजे खरे उत्तर असे: रुंद रुळांमुळे थोडे, सरळ मार्गामुळे पुष्कळ, आणि बाकी कुणाची आडकाठी नसल्यामुळे उरलेले. आता हे टेबलावर दिसते का? २,५०० मीटर भागिले १६० म्हणजे १५.६ मीटर. एवढ्या त्रिज्येचे वळण पुरे करायला तीस मीटर रुंदीचे सभागृह लागेल. बाजारात मिळणाऱ्या एन गेजच्या वळणदार रुळांची एक नेहमीची त्रिज्या असते ३१५ मिलिमीटर. १६० ने गुणा: ५० मीटर. शहरातल्या ट्रामला शोभेल असे वळण! खरी शिनकानसेन २१० च्या वेगाने त्यावरून नेऊ पाहिली, तर गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ सातपट त्वरण लागेल.

मग छोटी गाडी पडत कशी नाही? इथे एक सुंदर भौतिकशास्त्र दडले आहे. लांबी १६० ने भागली आणि वेगही १६० ने भागला, तर वेगाचा वर्ग १६० च्या वर्गाने कमी होतो आणि त्रिज्या फक्त १६० ने. त्यामुळे वळणावरचे त्वरण १६० पट कमी होते. गुरुत्वाकर्षण मात्र तेवढेच राहते. त्याला कोणी १६० ने भागत नाही. ताशी २१० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५८.३ मीटर. टेबलावर ते होतात सुमारे साडेछत्तीस सेंटिमीटर. या वेगाने ३१५ मिलिमीटरच्या वळणावर त्वरण येते गुरुत्वत्वरणाच्या तेविसाव्या भागाइतके. खऱ्या गाडीला खऱ्या वळणावर ते सातव्या भागाइतके असते. वळण पन्नासपट तीव्र करूनही छोट्या गाडीला खऱ्या गाडीच्या एक तृतीयांशाहून कमी त्रास! म्हणून ती हसतखेळत वळते. म्हणून वळण सरळ करण्यासाठी डोंगर का पोखरावे लागले, हे ती कधीच सांगू शकत नाही.

चांगला लेआउट कोणता?

एवढे झाल्यावर लेआउटचे वाईटच बोलायचे का? मुळीच नाही. पण कशाला चांगले म्हणायचे ते नीट ठरवायला हवे.

जपानी विषयावरच्या मांडण्यांत एक नेहमीचा प्रकार असतो. मागे फुजी पर्वत, कडेला लाल तोरी कमान, फुललेली साकुराची झाडे, मध्ये हिरवीगार भाताची शेते आणि त्यातून जाणारी शिनकानसेन. अशा मांडण्या मी पुष्कळ पाहिल्या, जपानमध्येही. त्यातल्या साकुराने माझीही जवळजवळ फसगत केली होती. मंडळातल्या एका वृद्ध सभासदाने माझा अर्धवट तुकडा पाहून सौम्यपणे विचारले, ‘‘हा कोणता महिना?’’ क्योटोकडे साकुरा फुलतो मार्चअखेरीस आणि एप्रिलच्या सुरुवातीला, आणि तोही जेमतेम दोन आठवडे. भाताची लावणी मे-जूनमध्ये. फुललेला साकुरा आणि डोलणारे हिरवे भात एका वेळी दिसतच नाहीत. मी झाड काढून टाकले. चिन्हे गोळा करून देश उभा राहत नाही. देश दिसतो तो एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध दाखवला की. शेत रुळांच्या कडेपर्यंत का येते? कारण सपाट जमीन थोडी आहे. नवा मार्ग खांबांवर का? कारण त्याला फाटक नको आहे. फाटकापाशी बाई का थांबली आहे? कारण जुना मार्ग जमिनीवरूनच जातो. हे दाखवणारा लेआउट मला फुजीवाल्या लेआउटपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

योकोहामात २०१२ मध्ये उघडलेल्या हारा मॉडेल रेल्वे संग्रहालयाचे उदाहरण याच संदर्भात घेण्यासारखे आहे. नोबुतारो हारा (१९१९ ते २०१४) यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि घडवलेल्या गाड्या तिथे आहेत. मोठ्या मांडणीतले रूळ ४५ मिलिमीटरचे, प्रमाण १:३२. भागाकार केला तर १,४३५ साठी ते बरोबर बसते. पण हारांचे वेगळेपण त्यात नाही. सामान्य छोट्या गाड्यांना वीज रुळांतून मिळते. हारांनी ती वरच्या तारेतून घेण्याचा आग्रह धरला. रूळ पोलादाचे, चाकेही पोलादाची. त्यामुळे गाडी सांध्यावरून जाताना येणारा आवाज मोटारीचा नसून चाकांचा असतो. तिथला देखावा जपानचा म्हणावा असा नाही. पण आगगाडी कशी चालते याविषयी ती मांडणी खोटे बोलत नाही. दिसण्याशी प्रामाणिक राहणे वेगळे आणि घडण्याशी प्रामाणिक राहणे वेगळे, हे मला तिथे कळले. माझी फळी पहिल्या प्रकारची होती.

क्योटोच्या रेल्वे संग्रहालयातली (२०१६) मांडणी भव्य आहे. लांबी सुमारे ३० मीटर, रुंदी १० मीटर, प्रमाण १:८०. एवढ्या जागेत लांब गाडीला पुरेसे अंतर मिळते आणि गाडी स्वतःच्या शेपटीमागे धावते आहे असे वाटत नाही. छोट्या मांडणीचा तो सर्वांत विनोदी दोष. सोळा डब्यांची शिनकानसेन चारशे मीटर लांब असते. एन गेजमध्येही तिला अडीच मीटर लागतात, आणि माझी फळी होती ९० सेंटिमीटरची. तरीही गेजचा आणि वळणाचा प्रश्न मोठ्या मांडणीतही सुटत नाही. संग्रहालयाची खरी ताकद अशी की, खालच्या मजल्यावर शिनकानसेनच्या पहिल्या पिढीचा खरा डबा आहे आणि अरुंद गेजची खरी वाफेची इंजिनेही आहेत. लेआउट जे सांगू शकत नाही, ते तिथे चाकांसमोर दोन मिनिटे उभे राहिले की कळते.

तिसरे उदाहरण शिक्षकांना विशेष आवडेल. जपानमध्ये २००९ पासून हायस्कूलच्या विद्यार्थ्यांची आगगाडी-प्रतिकृतींची राष्ट्रीय स्पर्धा होते. शाळेचे मंडळ ठरलेल्या मापाचा एक तुकडा तयार करते. प्रदर्शनात तुकडे एकमेकांना जोडतात आणि सगळ्यांवरून गाडी धावते. माझ्या मते यातली शिकण्याची गोष्ट देखाव्यापेक्षा जोडणीत आहे. दुसऱ्या गावच्या, कधी न भेटलेल्या मुलांनी केलेल्या तुकड्याशी आपले रूळ मिलिमीटरभरही न चुकता जुळले पाहिजेत. मानक म्हणजे काय आणि ते का पाळायचे, हे पुस्तकातून शिकवणे किती कठीण! आणि हेही खरे की या जोडणीसाठी सर्वांनी नऊ मिलिमीटर मान्य करावेच लागतात. म्हणजे चुकीचे मापही सर्वांनी मिळून पाळले तर उपयोगी ठरते. ज्या कारणाने देशभर १,०६७ टिकून राहिले, त्याच कारणाने टेबलावर नऊ टिकून आहेत. एवढे जाळे पसरल्यावर बदलायचे कोणी?

दुसऱ्या वर्षीची फळी

पुढच्या नोव्हेंबरात मी तीच फळी पुन्हा मांडली. रूळ बदलता येणार नव्हते, कारण शेजाऱ्यांच्या तुकड्यांवरून येणारी गाडी माझ्यावरूनही जायची होती. पण फळीच्या पुढे मी पुठ्ठा आणि लाकडी पट्ट्या घेऊन रुळांचे दोन तुकडे केले, १:१० प्रमाणात. एकाचे अंतर १०६.७ मिलिमीटर, दुसऱ्याचे १४३.५. शेजारी एक फूटपट्टी ठेवली आणि कागदावर लिहिले: ‘या फळीवर एक चूक आहे. मोजून शोधा.’

देखण्यापणात फळी मागच्या वर्षीइतकीच होती, पुठ्ठ्याचे रूळ तर ओबडधोबडच होते. मंडळातल्या एक-दोघांना तो कागद आवडला नाही. आपल्या कामातली चूक आपणच कशाला दाखवायची, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे दुःख मला समजत होते. इतक्या कष्टाने केलेल्या भ्रमावर असा ओरखडा ओढायला जीव होत नाही. पण त्या दोन दिवसांत मुलांनी पट्टी घेऊन जेवढा वेळ माझ्या फळीपाशी काढला, तेवढा मागच्या वर्षी कोणी काढला नव्हता. मागच्या वर्षीचा मुलगा आला नाही. त्याला उत्तर द्यायचे राहून गेले, ही रुखरुख मला अजून आहे.

वर्गात काय करता येईल?

आपल्याकडे अशा मांडण्या पाहायच्या तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून प्रसिद्ध आहे. सहल नेणार असाल तर मुलांना आधी एक भागाकार करायला सांगा. तिथले प्रमाण १:८७, म्हणजे ‘एचओ’. या मापाचे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात आणि ते १,४३५ मिलिमीटरशी जुळतात. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १,६७६ मिलिमीटर. त्याला १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर हवेत. म्हणजे भारतीय गाडी या रुळांवर आणली तर जपानी गाडीच्या नेमकी उलट चूक होते. तिचे रूळ फार रुंद, आपले फार अरुंद.

त्याहूनही सोपे म्हणजे खडू घ्या आणि वर्गाच्या जमिनीवर खऱ्या मापाच्या चार जोड्या आखा. ७६२ मिलिमीटर: बार्शी लाइट रेल्वेचे मूळ गेज. १८९७ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गाचे आता ब्रॉडगेज झाले आहे, पण कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीत बसल्याची आठवण अनेक घरांत अजून निघेल. १,०६७: जपानची जुनी लाइन. १,४३५: शिनकानसेन, आणि २०१७ मध्ये पायाभरणी झालेला मुंबई-अहमदाबाद मार्गही. १,६७६: आपली नेहमीची गाडी.

रेषा आखून झाल्या की मुलांना त्यांच्यामध्ये उभे करा. कोणीतरी नक्की विचारेल की आपली गाडी शिनकानसेनपेक्षा रुंद रुळांवर धावते, मग ती तेवढी वेगात का जात नाही? उत्तर लगेच देऊ नका. मी क्योटोत घाईने दिले होते, आणि ते अर्धेच निघाले.